खरेदीचं व्यसन, प्रेम आणि लग्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते. वयाच्या ३३ व्या वर्षी माझ्या डोक्यावर ४ लाख ६० हजारांचं कर्ज होतं आणि कपाटात टॅग न काढलेले ३१ कुर्ते. नंतर उपचार घेतले आणि त्याच काळात माझं लग्नही जमलं. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका मला फोन करतात. पैशांचे दोन-तीन प्रश्न विचारून होतात, मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो : असं असताना माझ्याशी लग्न कोण करेल? त्या प्रश्नाच्या आजूबाजूचे सगळे प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. मी या वाटेने चाललेली बाई आहे.

मला नुसती हौस आहे की हे व्यसन आहे, कसं ओळखायचं?

हौशी बाई साडी आणते, आल्याआल्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहते, शेजारणीला किंमत सांगते. माझी पार्सलं मी वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये ठेवायला सांगत होते आणि रात्री दहानंतर वर आणत होते. एका पैठणीवर महिन्याचा पगार घालून सुखात असलेल्या बायका मला माहीत आहेत. रोज दीडशे रुपयांचे कानातले घेत बुडालेल्याही माहीत आहेत.

खुणा साधारण अशा असतात. साड्यांच्या लाईव्हमध्ये 'सिंगल पीस आहे ताई, पटकन बुक करा' ऐकलं की छातीत धडधडतं आणि 'बुक्ड' टाइप करेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. पैसे गेले की दहा मिनिटं अंग हलकं होतं. मग लाज वाटते, आणि ती लाज घालवायला बोट परत ॲपकडेच जातं. पार्सल येतं तेव्हा ते उघडण्यातही रस उरलेला नसतो. आणि खोटं बोलणं सुरू होतं : 'जुनीच आहे गं', 'सेलमध्ये अर्ध्यात मिळाली', 'मैत्रिणीची आहे, परत द्यायची आहे.' यातलं खोटं बोलणं तुमच्या घरात सुरू झालं असेल, तर पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

एक गोष्ट वेगळी सांगते. सलग काही दिवस झोपेची गरज वाटत नाही, डोक्यात कल्पनांचा पूर आलाय, आपण काहीही करू शकतो असं वाटतंय आणि त्यातच बेसुमार खर्च होतोय, तर हा बायपोलर आजारातला तेजीचा काळ असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात. अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

हा खरंच आजार आहे का, की मोबाईल आल्यापासूनचं खूळ?

मोबाईलच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे. एमिल क्रेपलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी त्याला 'ओनिओमेनिया' असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये सक्तीच्या खरेदीचा उल्लेख आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या यादीत मात्र तिला स्वतंत्र आजाराचं स्थान नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी 'याला असं नाव देत नाहीत' म्हटलं तर खचू नका. त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार होतात.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती मेरी लिंकन, अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची पत्नी. १८६४ ची निवडणूक तोंडावर असताना दुकानांची हजारो डॉलरची उधारी तिने नवऱ्यापासून लपवली होती. तो हरला तर दुकानदार बिलं पाठवतील आणि त्याला सगळं कळेल, या भीतीने ती पोखरली होती, असं तिचे कपडे शिवणाऱ्या एलिझाबेथ केकलीने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला माझी वॉचमनकाकांची केबिन आठवली. घरात प्रेम होतं, नवरा होता, मान होता, तरी ती एकटीच आकडे मोजत बसायची.

हे बायकांनाच होतं का?

नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अडीच हजारांवर प्रौढांच्या फोनवर मुलाखती घेतल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ५.८ टक्के लोकांमध्ये ही सवय आजाराच्या पातळीची दिसली : बायकांत ६ टक्के, पुरुषांत ५.५. उपचारांना येणाऱ्यांत बायका फार जास्त असतात. पुरुषाच्या महागड्या गॅजेटना आपल्याकडे छंद म्हणतात आणि बाईच्या कुर्त्यांना उधळपट्टी, हेही त्याला कारण असावं असं माझं मत आहे.

आधी पूर्ण बरं व्हावं आणि मगच कुणाच्या प्रेमात पडावं का?

माझ्या समुपदेशक बाईंना मी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'पूर्ण म्हणजे कधी?' मला उत्तर देता आलं नाही.

मी असं म्हणेन : उपचार सुरू झालेले असावेत, कर्जाचा एकूण आकडा तुम्हाला पाठ असावा आणि नवीन कर्ज काढणं थांबलेलं असावं. एवढं असेल तर प्रेमाला दार बंद ठेवायचं कारण नाही. याउलट आजही नवीन ॲपवरून उसने पैसे घेऊन जुन्या ॲपचा हप्ता भरत असाल, तर सहा महिने थांबा. तेव्हा माणूस आवडतो की त्याच्यासोबत असताना ॲप उघडावंसं वाटत नाही म्हणून तो आवडतो, हे कळत नाही. मला कळलं नव्हतं. माझं पहिलं प्रेम त्यातच गेलं, आणि त्या मुलाची काही चूक नव्हती.

प्रत्येक भेटीआधी काहीतरी नवीन घ्यावंसं वाटतं. काय करू?

हे जवळपास प्रत्येकीला होतं. भेटीआधीची धाकधूक आणि खरेदीआधीची धडधड शरीराला सारखीच लागते, म्हणून हात सवयीच्या ठिकाणी जातो. मी पहिल्या चार भेटींसाठी तीनच कपडे आधीच बाजूला काढून ठेवले होते, सगळे जुने. चौथ्या भेटीत तो, म्हणजे आताचा माझा नवरा, म्हणाला, 'हा निळा तुला फार छान दिसतो, मागच्या वेळीही घातला होतास.' तोवर मला वाटायचं की कपडा पुन्हा घातला तर माणसांच्या लक्षात येतं आणि त्यांना वाईट दिसतं.

भेटायची जागाही तुम्ही सुचवा. मॉल, तुळशीबाग, दादरचा रानडे रोड नकोच. टेकडी, बाग, नाटक, एखादं साधं उपाहारगृह चालेल. पहिले काही महिने 'मला बाजारात फिरायला आवडत नाही' एवढं कारण पुरतं.

मी स्वतःसाठी घेणं थांबवलंय, पण त्याच्यासाठी सारखी घेते. हे तर प्रेमच झालं ना?

प्रेम असेलही. पण खरेदीही तीच आहे, फक्त पत्ता बदललाय. हे ओळखायला मला फार वेळ लागला, कारण दुसऱ्यासाठी घेतलं की लाज वाटत नाही. शर्ट, घड्याळ, त्याच्या भाचीला फ्रॉक, त्याच्या आईला शाल. समोरचा आधी हरखतो, मग ओशाळतो, मग त्याला ओझं होतं. परतफेड कशी करायची हे त्याला कळत नाही. त्याला सांगून टाका की वाढदिवसाशिवाय काही घेणार नाही आणि वाढदिवसाचा आकडाही दोघांनी ठरवा. हाताने करून द्यायची मुभा ठेवा. माझ्या हातच्या पुरणपोळीने जे झालं ते त्या घड्याळाने झालं नव्हतं.

त्याला कधी सांगायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कांदेपोह्यांच्या बैठकीत, दोन्हीकडची माणसं समोर असताना नाही. तिथे तुमचं बोलणं तुमचं राहत नाही, संध्याकाळपर्यंत ते मामेबहिणीपर्यंत पोचतं. पण दोघं एकटे भेटायला लागलात की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगायला हवं, आणि काहीही झालं तरी सुपारी फुटायच्या आत. हॉल ठरला, पत्रिका छापल्या, की समोरच्याला मोकळेपणी 'नाही' म्हणता येत नाही. ज्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती त्याच्या 'हो'वर तुम्हाला पुढे कधीच विश्वास ठेवता येणार नाही. प्रेमविवाह असेल तर एकत्र राहण्याच्या, एकत्र घर बघण्याच्या, त्याच्याकडून पहिले पैसे घेण्याच्या आधी.

मी पर्वतीच्या पायऱ्यांवर सांगितलं. घरून एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या : पहिलं कार्ड, दुसरं कार्ड, ॲपवरचं कर्ज, आईच्या पाटल्या. पाटल्या मी गहाण ठेवल्या होत्या. तोंडाने बोलायला गेले असते तर मी आकडे कमी सांगितले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कागद. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि विचारलं, 'पाटल्यांचं आईला माहीत आहे?' नव्हतं. तो म्हणाला, 'मग आधी आईला सांग. माझ्याशी नंतर बोल.'

आईला सांगायला मला अकरा दिवस लागले. आई रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त उठून कपाटातली रिकामी डबी काढून माझ्यासमोर ठेवली आणि पोळ्या करायला गेली. त्या रात्री मी त्याला फोन केला. त्यानंतरही त्याने विचार करायला तीन आठवडे घेतले. ते तीन आठवडे मी एकही वस्तू घेतली नाही, आणि उपचारांतल्या कुठल्याही आठवड्यापेक्षा ते जड गेले.

किती सांगायचं? 'थोडंफार कर्ज आहे' म्हटलं तर चालेल?

चालणार नाही. पूर्ण आकडा सांगा. अर्धा आकडा सांगितला की उरलेला अर्धा लपवण्यासाठी पुन्हा खोटं बोलणं आलं, आणि जोडप्यांना तोडणारं खोटं बहुतेक वेळा हे दुसरं असतं.

तयारी अशी करा. सिबिलसारख्या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा. तुमच्या नावावरची कार्डं, कर्जं, 'आत्ता घ्या नंतर भरा'वाल्या बऱ्याच उधाऱ्या त्यात दिसतात. जे दिसत नाही ते स्वतः लिहा : मैत्रिणीकडून घेतलेले, भिशीचे उचललेले, सोनाराकडचे, साडीवाल्या ताईंकडची उधारी. मग दर महिन्याला किती जातात आणि असेच भरत राहिलं तर कधी संपतील तेही लिहा.

शेवटचा आकडा धक्का देणारा असतो. समजा कार्डावर १ लाख रुपये थकलेत, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि तुम्ही फक्त किमान रक्कम म्हणून ५ हजार भरता. व्याजाचे ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, म्हणजे ४,१३० रुपये तिथेच गेले. मुद्दल फिटलं अवघं ८७०. हे गणित ज्याला दाखवायचंय तो माणूस हिशेब बघून घाबरेल असं वाटतं. माझ्यावर विश्वास ठेवा, ज्या बाईला हे गणित तोंडपाठ आहे तिच्याकडे माणूस निराळ्या नजरेने बघतो.

आणि तो नाही म्हणाला तर?

तर दुखेल. एका मैत्रिणीला दोघांनी नकार दिला. दुसऱ्याने जाताना तिची गोष्ट गुप्त ठेवली, आजतागायत. नकार मिळाला त्या रात्री फोनमधली ॲप्स आधीच काढून टाकलेली असू द्या आणि बहिणीला नाहीतर मैत्रिणीला घरी झोपायला बोलवा. ती रात्र सर्वांत धोक्याची.

डेटिंग ॲप वापरू का?

वापरा, पण झोपण्याआधी अंथरुणात पडून नको. बोट सरकवत राहायचं, पुढे काहीतरी अजून चांगलं असेल असं वाटत राहायचं, हे आपल्याला नको तितकं ओळखीचं आहे. दिवसातून अर्धा तास आणि एका वेळी एकाच माणसाशी गप्पा.

माझं कर्ज लग्नानंतर नवऱ्यावर येतं का?

तुमच्या एकटीच्या नावावरचं कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज तुमचंच राहतं. त्याने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर केवळ नवरा आहे म्हणून बँकेला त्याच्याकडून ते वसूल करता येत नाही. पण दोन ठिकाणी ते त्याच्यापर्यंत पोचतं. त्याच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड तुम्ही वापरलंत तर ते पैसे त्यालाच भरावे लागतात, म्हणून असं कार्ड घेऊच नका. आणि दोघांच्या नावाने गृहकर्ज काढायला गेलात की तुमचा सिबिल स्कोअरही बघितला जातो. हे त्याला तुमच्याकडून कळावं, बँकेच्या टेबलावर नव्हे.

तो म्हणतो, 'पगार माझ्या खात्यात टाक, कार्डं माझ्याकडे दे.' देऊ का?

कार्डं काही काळ त्याच्याकडे ठेवायला हरकत नाही, जर ही कल्पना तुमची असेल, मुदत ठरलेली असेल आणि तुम्ही मागाल तेव्हा परत मिळणार असतील. पगार मात्र तुमच्याच खात्यात राहू द्या. आम्ही असं केलं : पगार आला की हप्त्यांचे पैसे त्याच दिवशी आपोआप वळते होतात, घरखर्चाचे दोघांच्या खात्यात जातात, आणि माझ्या हातात ठरलेली रोख रक्कम उरते. दर रविवारी चहाच्या वेळी वीस मिनिटं मी माझा हिशेब वाचून दाखवते. तो त्याचाही वाचतो. तो वाचत नसता तर मी हे केलं नसतं, कारण मग ती उलटतपासणी झाली असती.

इथे मी कडक बोलणार आहे. तुमच्या आजाराचा आधार घेऊन कुणी तुमचा पगार काढून घेत असेल, औषधाला किंवा माहेरी जायच्या तिकिटालाही पैसे देत नसेल, 'तुला व्यवहार कळत नाही' म्हणून दागिने ताब्यात घेत असेल, तर त्याला काळजी म्हणू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे. व्यसन असलेल्या बाईलाही तो कायदा तितकाच लागू आहे.

त्याची परिस्थिती चांगली आहे. एकरकमी फेडून टाकतो म्हणतोय.

मन मोठं आहे त्याचं, पण मी नाही म्हणेन. मोकळं झालेलं कार्ड पुन्हा भरायला फार दिवस लागत नाहीत. फारच व्याज चढत असेल तर त्याच्याकडून बिनव्याजी घ्या, कागदावर लिहून, आणि दर महिन्याला परत करा. माझ्या नवऱ्याने माझ्या कर्जातला एकही रुपया भरला नाही. पाटल्या सोडवायला सोनाराकडे माझ्यासोबत आला तेवढंच.

सासरी सांगायचं का?

दोघांनी मिळून ठरवा. मी सासूबाईंना कर्जाचं सुरुवातीलाच सांगितलं, आजाराचं वर्षभराने. फक्त एक बघा : वसुलीवाल्याच्या फोनवरून त्यांना कळायला नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. तरीही कुणी करत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा, उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

लग्नानंतर पुन्हा घडलं तर?

माझं दोनदा घडलं. पहिल्यांदा लग्नानंतर आठ महिन्यांनी, दिवाळीच्या सेलमध्ये, ६,२०० रुपये. पार्सल आलं तेव्हा जुनी सवय जागी झाली. वॉचमनकाकांना फोन करायला हात उचलला होता. मग तो खोका मी जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि नवरा येईपर्यंत तिथेच बसून राहिले. तो आला, बघितलं आणि म्हणाला, 'परत जाईल का?' गेलं. रविवारच्या हिशेबात ती ओळ लिहिली.

तेव्हापासून आमचं ठरलंय : घडलं तर चोवीस तासांत सांगायचं, आणि सांगितल्यावर त्याने त्या दिवशी त्यावर भाषण करायचं नाही.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही आहे. पहिलं वाक्य काय बोलावं हे कळत नसेल तर 'मला खरेदी थांबवता येत नाही' एवढंच म्हणा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. या आजारावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणाऱ्या उपचाराचा उपयोग झाल्याचं संशोधनात दिसलंय. याचं असं खास औषध नाही, पण सोबत नैराश्य किंवा चिंतेचा विकार असेल, आणि तो बऱ्याचदा असतो, तर त्याची औषधं घ्यावी लागतात. मला वर्षभर घ्यावी लागली.

लग्न ठरलं. आता बस्त्याचं काय? मला दुकानात शिरायचीच भीती वाटते.

मलाही वाटत होती. आपल्याकडे नेमकं लग्न ठरलं की सगळे म्हणतात, आता हात आखडू नकोस. शालू, हळदीची साडी, आहेराच्या साड्या, रुखवत, आणि प्रत्येक ठिकाणी 'एकदाच तर होतं'.

मी यादी केली आणि ती ताईकडे दिली. पैसेही तिच्याकडेच. माझ्या साड्या तीनच ठरल्या होत्या, प्रत्येकीपुढे आकडा लिहिलेला. एका दिवसात एकच दुकान, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, पोटभर जेवून. नवऱ्याकडची माणसं मात्र दोन दुकानं बघायची म्हणाली, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. लक्ष्मी रोडवरच्या त्या दुसऱ्या दुकानात गादीवर एकावर एक साड्या उलगडायला लागल्या आणि माझ्या छातीत ती ओळखीची धडधड सुरू झाली. ताईचा हात दाबला. ती सासूबाईंना म्हणाली, 'आम्ही जरा रस पिऊन येतो, तुम्ही बघा.'

बाहेर गुऱ्हाळात आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यायलो. अर्ध्या तासाने आत गेलो तोवर सासूबाईंनी तिसरी साडी निवडून बांधायलाही दिली होती. जांभळी, हिरव्या काठांची. मी तो रंग कधी घेतला नसता. परवा शेजारी हळदीकुंकू होतं, तीच नेसून गेले होते.